दाट वरण

तुम्ही त्याला पोटभर वाढलंत, हाच तुमचा गुन्हा. उपाशी ठेवलं असतंत तर केदारी चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. शिव्यांना त्याच्याकडं तोटा नव्हता, आणि त्या ऐकायला कान तुम्ही कधी ठेवलेच नव्हते, तेव्हा कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण तुम्ही वाढलंत. ओगराळं भरभरून वाढलंत, आणखी हवं का विचारून वाढलंत, आणि मग हातात गाडीभाडं ठेवून त्याला बेळगावला धाडून दिलंत. तुम्ही कोण, ते नाव घेऊन सांगत बसत नाही. ज्याच्या एका हुकमानं बेळगावच्या शहापुरातला माणूस इंफाळच्या डोंगरात जाऊन पडतो, त्याला आपलं नाव ठाऊक असतं. तुम्ही त्याची वर्दी मोजून परत घेतलीत, बूट मोजून घेतलेत, चहाचा मगसुद्धा मोजून घेतलात. जे पोटात गेलं होतं ते मात्र त्याच्याकडंच ठेवलंत. लढाई संपून वर्ष होत आलं, आणि ते अजून खाली उतरलेलं नाही.

त्या दिवशी झालं ते म्हटलं तर काहीच नव्हतं. केदारी निपाणीला तंबाखूची पोती भरायला लॉरी घेऊन गेला होता. पोती भरून होईपर्यंत जेवून घ्यावं म्हणून तो शालूबाईच्या खानावळीत शिरला. नाकात तंबाखूची धूळ, डोळ्यांत धूळ, जिभेवर तीच तिखट कडवट चव. अशा वेळी माणसाला गरम भात सोडून दुसरं काही सुचत नाही. तो पंगतीत बसला. पत्रावळीवर भात आला. शालूबाई वरणाचं भांडं कमरेवर घेऊन स्वतःच आली, एक डाव वाढला, आणि पुढं न जाता तिथंच थांबली.

"घे रं केदारी, आनि एक डाव घे. आज आमचं नेहमीचं दोघंजन आलं न्हाईत. त्यांच्या वाटनीचं उरलंय, टाकू व्हय?"

डाव पालथा झाला. वरण दाट होतं. ते भातावरून ओघळलं नाही, पसरलं नाही, पिवळ्या ओल्या मातीच्या ढेकळासारखं आपल्या जागी बसून राहिलं. केदारीनं ते बघितलं. त्याचा हात भाताकडं गेला होता तो तिथंच राहिला, आणि मग तो उठला. भरल्या पत्रावळीवरून उठला. अर्धी पंगत मान वर करून बघायला लागली.

"आगं बाई! माशी पडली व्हय रं?"

"न्हाय."

"मग केस घावला?"

"न्हाय वो आक्का."

"मग काय माझ्या खानावळीत सोयरीक मोडायला आलतास? भरल्या ताटावरनं उठतोस ते!"

पंगत हसली. केदारीनं हात धुतला, जेवणाचे पैसे गल्ल्यापाशी ठेवले आणि मान खाली घालून बाहेर आला. बाहेर लॉरीमागं बसवलेल्या कोळशाच्या भट्टीत यल्लाप्पा फुंकर घालत होता. पेट्रोल मिळायचं नाही, म्हणून गाडी कोळशाच्या धुरावर चालायची, आणि तो धूर तयार करायचं काम यल्लाप्पाचं. माणूस वयानं वडिलांएवढा, मूळचा हुक्केरीकडचा. मराठी बोलायचा, पण रागावला की कानडीत शिरायचा. "एवढ्या लौकर जेवलास?" त्यानं विचारलं. पोट बरं नाही, असं केदारी म्हणाला. "पोट बरं न्हाय म्हणून मिलिटरीनं सोडलं व्हय तुला?" यल्लाप्पा म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता भट्टीचं झाकण आदळलं.

गाडी तवंदीच्या घाटाला लागली. कोळशावरची गाडी घाट चढते म्हणजे म्हातारी देवीच्या पायऱ्या चढते. दर वळणावर बसावं असं तिच्या मनात येतं. केदारी चाक धरून पुढं वाकला होता. धूर मागून फिरून खिडकीतून आत येत होता, आणि त्या धुराला लंगरच्या धुराचा वास होता. हेच त्याला नको होतं आणि हेच त्याला हवं होतं. लंगर म्हणजे इंफाळच्या डोंगरात गाड्या हाकणाऱ्या त्याच्या पलटणीचं स्वयंपाकघर. बांबू आणि ताडपत्रीचं छप्पर, खाली जमिनीत खणलेले चर, चरांत ओली लाकडं, आणि त्या धुरात डोळे चोळत उभा असलेला भावकू लांगरी. भावकू खानापूरच्या रानातला. घरी त्यानं कधी चूल पेटवली नव्हती. भरतीच्या वेळी स्वयंपाक येतो का म्हणून विचारलं, आणि बंदुकीपेक्षा पळी हलकी असते एवढा हिशेब करून त्यानं मान हलवली. पहिले काही महिने त्याच्या चपात्या पंजाबी ड्रायव्हर गाडी घसरू नये म्हणून चाकाखाली लावायचे. पण माणूस शिकला. कोंबडी शिकला, राजमा शिकला, मद्राशांसाठी चिंचेचं पाणी शिकला, आणि वरण मात्र आपल्या आईसारखंच करत राहिला. त्या वरणाला लाकडाचा धूर लागलेला असायचा, तळाशी थोडं धरलेलंही असायचं, आणि ते पातळ असायचं. पाण्यासारखं पातळ. मगात ओतून प्यावं असं. डोंगरात पाऊस चार चार दिवस सुटायचा नाही, अंगावर कोरडा धागा नसायचा, आणि तो गरम मग दोन्ही हातांत धरला की बोटांना पहिल्यांदा कळायचं की आपण अजून आहोत.

गुंडू त्या वरणाला नावं ठेवायचा. गुंडू म्हणजे शेजारच्या नागुबाईचा मुलगा. शहापुरात दोघांच्या खोल्या एका भिंतीच्या, भरतीला दोघं एकाच सायकलवरून गेलेले, एक पायडल मारत आणि एक पुढच्या नळीवर. "भावकूअण्णा, ह्यात डाळ हाय का डाळीचं सपान पडलंय?" असं तो म्हणायचा आणि तीन मग प्यायचा. त्याला घरच्या खाण्याचा ध्यास. टिनातलं दूध बघितलं की म्हशीची आठवण, सुकवलेल्या बटाट्याची कापं बघितली की कुळथाच्या माडग्याची आठवण. आणि आठवण आली की ती मनातल्या मनात ठेवायची त्याला रीतच ठाऊक नव्हती. रात्रभर ताडपत्रीखाली तो हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं, वर्णन करायचा. गहू कसे भिजवायचे, सडायचे, गूळ कधी घालायचा, खोबरं कधी. झोपलेली माणसं जागी व्हायची. एकदा एका शीख ड्रायव्हरनं त्याला बूट फेकून मारला, आणि मग स्वतःच उठून बसला आणि म्हणाला, अच्छा, फिर? गूळ डालने के बाद?

आणि ते मांडे! केदारी चाकावर असताना एकटाच हसला. बेळगावचा मांडा करायचा तर मडकं पालथं घालून खाली जाळ करायचा आणि त्या तापल्या पाठीवर रुमालाएवढी पातळ पोळी टाकायची. दिवाळी आली तेव्हा गुंडूनं भावकूला पेटवलं. मडकं कुठलं आणायचं? लोखंडी टोपी पालथी घातली. पिठी साखर कुटून केली, लाटणं नव्हतं म्हणून रमची बाटली फिरवली. पहिला मांडा टोपीला असा चिकटला की तो सुटेपर्यंत टोपीच्या मालकाला उघड्या डोक्यानं फिरावं लागलं. दुसरा फाटला. तिसरा निघाला, जळका, वाकडा, पण निघाला. घडी घालून तो सगळ्या कंपनीत फिरला. एकेकाच्या वाट्याला नखाएवढा तुकडा. "ओय भावकू, तेरा रुमाल बड़ा मीठा है," तोच शीख म्हणाला. कुणी कुणाची जात विचारली नाही, कुणी कुणाच्या हाताकडं बघितलं नाही. केदारीला त्या तुकड्याची चव आता आठवत नव्हती. आठवत होतं ते भावकूचं काळवंडलेलं तोंड आणि त्यातले पांढरे दात.

संकेश्वर मागं पडलं. उसाच्या गुऱ्हाळाचा गोड वास आला आणि गेला. केदारीला कळत होतं की मन मुद्दाम मांड्यापाशी रेंगाळतंय, गोडाधोडापाशी बसून राहतंय, म्हणजे पुढं जायला नको. पण शालूबाईचा डाव पालथा झाला होता. त्यांच्या वाटणीचं उरलंय, ती म्हणाली होती. खानावळीत न आलेली ती दोघं कुठं असतील? बाजारात असतील, पावण्याकडं गेली असतील, हुबळीच्या गाडीत बसून झोपली असतील. कुणीतरी दुसरीकडं जेवत असेल एवढाच त्याचा अर्थ. हे सगळं त्याला समजत होतं. समजण्याचा आणि गिळण्याचा काही संबंध नसतो, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी हाच खेळ होता आणि तो आता संपत आला होता. बायाक्का, त्याची बायको, खानापूरजवळच्या गरीब घरातली. तिच्या माहेरी वरणात पाणी घालून घालून दहा तोंडं निभावायची. म्हणून तिनं लग्नात मनाशी ठरवलं होतं, आपल्या नवऱ्याला आपण कधी पातळ वाढायचं नाही. तो लढाईवर होता तेव्हा तिनं रेशनची डाळ मूठमूठ बाजूला टाकली. तो आला तेव्हा पहिल्या रात्री तिनं असं वरण वाढलं की डाव उभा राहावा. आणि केदारीनं काय केलं? तांब्या उचलला आणि जेवत्या ताटात, वरणात, पाणी ओतलं. आमच्याकडं ताटात पाणी कधी ओततात? जेवण संपलं, मन भरलं, आता हे खरकटं, असं म्हणायचं असतं तेव्हा. तिनं पहिल्या घासाच्या आधीच ते बघितलं. दुसऱ्या दिवशी आणखी दाट केलं. तिला वाटलं डाळ कमी पडली. त्यानं आणखी पाणी ओतलं. असं चालत राहिलं, तिचा हात घट्ट होत गेला आणि त्याचा तांब्या जड. "भाईर कुनाच्या हातचं खाऊन आलाय का?" असं तिनं एकदा विचारलं. "तसं न्हाय," तो म्हणाला. "मग कसं?" ह्याला त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते एका भिंतीपलीकडं ऐकू गेलं असतं. भिंतीपलीकडं नागुबाई राहायची.

नागुबाईचं तर आणखी वेगळंच. गुंडू गेल्याची तार आल्यावर ती रडली, आठ दिवस पडून राहिली, मग उठून परत मागावर बसली, कारण विणलं नाही तर खायचं काय. केदारी परत आल्यावर तिनं एक रीत धरली. दर सोमवारी वाटीभर वरण घेऊन यायची आणि उंबऱ्यात बसायची. "खा रं बाबा. तुझ्या तोंडात गेलं की त्येच्या पोटात गेल्यागत वाटतंया." केदारी वाटी घ्यायचा, तोंडाला लावल्यासारखी करायचा, ती उठून गेली की मोरीत ओतायचा. एकदा बायाक्कानं त्याला ओतताना बघितलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी फार बोलेनाशी झाली. आपल्या हातचं नको असेल, समजू शकते. म्हाताऱ्या बाईची वाटी मोरीत ओतणारा माणूस कसला?

काकती आली, किल्ल्याची टेकडी दिसली, दिवेलागणीला गाडी बेळगावात शिरली. यल्लाप्पा उतरताना म्हणाला, "घरला जा, कायतरी खा. बायकोवर रुसलास तर रूस, पोटावर रुसू नगोस."

खोलीत शिरल्यावर त्याला पहिल्यांदा दिसलं ते भिंतीशी बांधून ठेवलेलं गाठोडं. बायाक्का चुलीपाशी होती. "सकाळी रवळूदादा येनार हाय म्हायेरला न्यायला," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "माझ्या हातचं तुमच्या गळ्याखाली उतरत न्हाय. मग ऱ्हाऊन काय करू?" सोमवार होता. नागुबाई वाटी घेऊन उंबऱ्यात येऊन बसलीच होती. तिनं गाठोड्याकडं बघितलं, बायाक्काकडं बघितलं, आणि वाटी मांडीवर तशीच धरून ठेवली.

केदारी पाटावर बसला. ताट आलं. भात, वर वरण. दाट. त्याचा हात तांब्याकडं गेला, आणि बायाक्कानं त्याचं मनगट धरलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, दुसऱ्या माणसासमोर तिनं त्याला कधी हात लावला नव्हता.

"आज वतू नका. आदी सांगा, माझ्या हातात काय खोट हाय?"

"खोट न्हाय."

"मग सांगा की!"

त्यानं नागुबाईकडं बघितलं. "मावशी, तुमी जरा घरला जावा."

"जाते की." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "वाटी ठिवून जाऊ व्हय? का न्हेऊ? परवा बी मोरीत पिवळं दिसलं मला."

म्हणजे तिला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून ती दर सोमवारी आणत होती. केदारीच्या कानात लॉरीची घरघर अजून चालूच होती, आणि त्या घरघरीतून त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"बसा मावशी. जाऊ नका. त्या दिशी वरण असंच हुतं. भावकूचं वरण कदी दाट न्हवतं, पर त्या दिशी हुतं. माझ्या गाडीचा पाटा तुटला म्हणून मी मागं ऱ्हायलो. गुंडू, आनि त्यो शीख, आनि बाकीची, सकाळीच गाड्या घेऊन गेलती. दुपारपतोर परत यायची हुती. भावकूनं भांडं चुलीवरनं उतरलंच न्हाय. येतील, गरम लागंल म्हनला. दुपार झाली. वरण आटत गेलं. मदी मदी त्यो पानी घालायचा, मग त्यानं पानी घालायचं सोडलं. सांजच्याला खबर आली. डोंगरावरनं तोफंचं गोळं आलं, रस्ताच खाली गेला. कुनीच आलं न्हाय. मग भावकूनं आमच्या मगात वाढलं. त्येंच्या वाटनीचं. टाकायचं कुठं म्हनला. आनि मी खाल्लं, मावशी. दिसभर गाडीखाली पडून भूक लागलती. गुंडूच्या वाटनीचं मी खाल्लं. परत मागून घेतलं. लई चांगलं लागलं. तसं चांगलं वरण मी कदीच खाल्लं न्हाय."

शेजारच्या खोलीत कुणाचा तरी माग खटखटत होता. बायाक्कानं त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं. नागुबाई उभी होती ती हळूहळू खाली बसली, उंबऱ्यात नाही, आत, पाटाजवळ. केदारी वाट बघत होता. ती थोबाडीत मारेल, वाटी भिरकावेल, तळतळाट देईल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. शिक्षा झाली की माणूस जेवायला मोकळा होतो.

"मागून घेतलंस?" ती म्हणाली.

"व्हय."

"बरं केलंस." तिनं वाटी त्याच्या ताटात उपडी केली; वरणावर वरण पडलं. "कोल्ह्याकुत्र्यांनी खाल्लं असतं, नासलं असतं. त्यापरीस तुज्या पोटात गेलं. त्यो बी तुज्या वाटनीचं कदी ठिवत न्हवता, लहानपनापासनं. तुमी दोगं एका ताटात भांडायचा."

बायाक्कानं मनगट सोडलं आणि तांब्या उचलून चुलीमागं ठेवला. मग गाठोड्याकडं न बघता म्हणाली, "उद्या रवळूदादा आला की त्येला बी जेवूनच लावून देऊ. एकट्यालाच."

केदारीनं घास घेतला. कोरडा, घट्ट, पाण्याविना. तो गळ्यात आला आणि नेहमीच्या जागी अडला. त्यानं डोळे मिटले. डोळ्यांपुढं भावकू होता, डाव धरलेला, तोंड काळवंडलेलं, या वेळी दात न दिसणारं. घास हलला. खाली गेला. छातीतून जाताना दुखला, पण गेला. त्यानं दुसरा घेतला. डाळीला जिऱ्याचा वास होता, थोडं मीठ कमी होतं. हे बायकोच्या हातचं वरण, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो भरभर जेवत होता, पोरासारखा, बोटं चाटत, आणि दोन बाया त्याच्याकडं बघत बसल्या होत्या. बायाक्का आणखी भात वाढायला वळली, आणि तेवढ्यात नागुबाईनं विचारलं. अगदी सहज, मीठ पुरतंय का विचारावं तसं.

"आनि त्यो? सकाळी निगताना त्यो जेवून गेलता न्हवं?"

केदारीचा हात ताटातच राहिला. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. व्हय म्हटलं असतं की म्हातारी उठून गेली असती, झोपली असती. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. मोरीत पिवळं बघूनही दर सोमवारी येणारी बाई होती ती.

"न्हाय."

"उपाशी?"

"चा पिऊन. सायबानं शिट्टी मारली. खाना वापस आके, म्हनला."

"का? वरण शिजलं न्हवतं?"

"शिजलं हुतं."

"मग?"

"फोडनी तेवडी ऱ्हायली हुती."

नागुबाईचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि हवेत, नसलेल्या चुलीवर, नसलेली पळी धरून थांबला. तेल तापलं. मोहरी पडली. ती तडतडायची तिनं वाट बघितली. लसूण टाकला, तो लाल होईपर्यंत हात तसाच. मग मनगट एकदा वळलं, आणि झालं. हात खाली आला. बायाक्का तिच्याकडंच बघत होती. पातेल्यावर झाकण घालायला उचललं होतं, ते तिच्या हातात तसंच होतं.

"एवडाच येळ?" नागुबाई म्हणाली.

केदारीनं मान हलवली.

"तुला त्येंची भाषा येतीया. उद्या मला क्यांपात घिऊन चल. मला बिल्ला नगं, पैसं नगं. एवडंच इचार."

केदारी विचारील, न विचारील. फाटकावरचा पहारेकरी त्याला आत सोडील, न सोडील. सोडलंच तर टेबलामागचा साहेब बदललेला असेल, आणि हा प्रश्न कुठल्या खात्यात येतो हे त्याला सापडणार नाही. म्हणून मी इथंच विचारतो, सगळ्यांसमोर. तुमच्या घड्याळात लढाईची वर्षं मावली, गाड्यांच्या वेळा मावल्या, शिट्टीचा क्षण मावला. तेल तापून मोहरी तडतडेपर्यंतचा वेळ का नाही मावला? तेवढं थांबला असतात तर तुम्ही कुठली लढाई हरणार होतात? नागुबाई पाटाजवळ बसली आहे, उठलेली नाही. सांगा तिला.